तुणतुण्याची एक तार

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या माणसाविषयी ‘हा आपलंच तुणतुणं वाजवतोय’ असे आपण सहज बोलून जातो. या बोलण्यात एका वाद्याची हेटाळणी आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. तुणतुण्याला तार एक, सूर एक. त्यात समजून घेण्यासारखे काय असणार, अशी आपली समजूत असते. आमचीही तशीच होती. ती कशी बदलली हे सांगावे आणि वर्गात या वाद्याचा उपयोग कसा करता येतो ते शिक्षक मित्रांपुढे ठेवावे, यासाठी हा लेख.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या पाथर्डी भागातील एका शाळेत आम्ही विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर काम करत होतो. ध्वनीचा पाठ आला होता. प्रयोगशाळेच्या कपाटात सोनोमीटर होता, पण त्याची तार तुटलेली होती. वर्गात गोंधळ्याच्या घरचा एक मुलगा होता. त्याच्या घरी तुणतुणे आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, कारण त्यावरूनच मुले त्याला चिडवत. वाद्य शाळेत आणायला तो आधी तयार नव्हता. शिक्षकांनी समजूत घातली तेव्हा दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून घेऊन आला.

“वाजव,” असे म्हटल्यावर तो म्हणाला, “आधी कुणीतरी गा. मग लावतो.”

एका मुलीने प्रार्थनेची ओळ म्हटली. तिच्या आवाजाकडे कान देऊन त्याने खुंटी पिळली, तार दोनतीनदा छेडली, आणि सूर जुळला. मग मुले हार्मोनियमवर तो सूर शोधू लागली. इथे भांडण झाले. एका गटाला खालच्या सप्तकातली एक पट्टी जुळते असे वाटले, दुसऱ्याला त्याच नावाची वरच्या सप्तकातली. कोणता गट बरोबर? तेवढ्यात एका मुलाने विचारले, “तार हलताना दिसते. पण आवाज तर डब्यातून येतो. तार डब्याला घासत नाही, आपटत नाही. मग डब्याला कसं कळतं?”

या प्रश्नाचे नीट उत्तर त्या दिवशी आमच्याजवळ नव्हते. नंतर शोधले. ते उत्तर मिळाल्यावर पट्ट्यांचे भांडणही सुटले.

गोंधळातले तुणतुणे

आधी हे वाद्य जिथे वाजते ती जागा पाहू. लग्न, मुंज यांसारख्या कार्यानंतर देवीच्या नावाने गोंधळ घालण्याची रीत महाराष्ट्रात बऱ्याच घरांत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातली मोहटादेवी आणि कर्जत तालुक्यातील राशीनची जगदंबा ही देवीची मोठी ठाणी आहेत. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई असे दोन भेद सांगतात; पहिले तुळजाभवानीचे, दुसरे माहूरच्या रेणुकेचे उपासक. सरकारी यादीत गोंधळी भटक्या जमातींत मोडतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ‘गोंडली’ नावाच्या नृत्याचा उल्लेख येतो. काही अभ्यासक गोंधळाचे मूळ तिथपर्यंत नेतात.

पाटावर धान्याचा चौक मांडतात, त्यावर कलश ठेवतात, दिवटी पेटवतात. गावोगावच्या देवदेवतांना नावे घेऊन बोलावतात. मग मुख्य गोंधळी आख्यान लावतो. पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. तो गातो, बोलतो, मागेपुढे पावले टाकत नाचतो, गिरकी घेतो. एकाच्या कमरेला संबळ असतो, एकाच्या हातात झांज, आणि थोडे मागे उभा राहून एकजण तुणतुणे छेडत असतो. आख्यान रात्रभर चालते.

यातली कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. चीनच्या नैर्ऋत्य भागातल्या यी लोकांत चंद्रासारख्या गोल पेटीचे तंतुवाद्य हातात घेऊन नाचण्याची प्रथा आहे. त्या वाद्याला पडदे असतात, त्यामुळे नाचाची धून त्या वाद्यावरच निघते. तुणतुण्यावर धून निघत नाही. धून गोंधळ्याच्या गळ्यात असते, तालाचे बोल संबळावर असतात. तुणतुणे दोन कामे एकदम करते. गाणाऱ्याला ते षड्ज देत राहते, आणि प्रत्येक छेडीचा ठोका वेगळा ऐकू येत असल्याने नाचणाऱ्याला लयही देते. गिरकी घेताना धाप लागलेला माणूस पुन्हा सुरावर यायचा असेल, तर त्याला असा न हलणारा आधार लागतो. तमाशातही हेच. तिथे तुणतुणे धरणारा सुरत्या मागे उभा राहून झील धरतो. ‘अनंत फंदी’ या नावाने प्रसिद्ध असलेले शाहीर याच जिल्ह्यातल्या संगमनेरचे. शाहिरी आणि लावणीच्या परंपरेत तुणतुणे हे ठरलेलेच वाद्य आहे.

रचना

धान्य मोजण्याच्या मापासारखे एक लाकडी किंवा पत्र्याचे नळकांडे. वरचे तोंड उघडे, तळाला कातडे ताणून बसवलेले. नळकांड्याच्या बाहेरच्या बाजूला एक काठी उभी ठोकलेली, आणि काठीच्या वरच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मधोमध बारीक भोक असते. त्यातून तार ओवून, कातडे फाटू नये म्हणून मागे एक लहान तुकडा अडकवतात. तार नळकांड्याच्या पोकळीतून वर येते आणि खुंटीला गुंडाळली जाते. वाजवणारा ती बोटाने किंवा लहानशा काडीने छेडतो. बस, एवढेच.

आता याची सतारीशी तुलना करा. सतारीची तार तबलीला जवळजवळ समांतर असते आणि घोडीवरून जाते. तार कंप पावली की घोडी हलते, घोडी तबलीला हलवते. तुणतुण्यात घोडीच नाही. तार कातड्याला समांतर नाही, तर जवळजवळ काटकोनात आहे. सगळी गंमत या काटकोनात आहे.

खुंटी पिळली की

खुंटी पिळल्यावर तारेचा ताण वाढतो आणि सूर चढतो, हे मुलांना माहीत असते. किती चढतो, हे विचारावे. तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वारंवारता दुप्पट करायची, तर ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. पोलादी तार ०.३ मिलिमीटर जाडीची आणि ६० सेंटिमीटर लांबीची आहे. एक मीटर तारेचे वस्तुमान सुमारे ०.५५ ग्रॅम भरेल. ही तार सेकंदाला १०० वेळा कंप पावावी असे वाटत असेल, तर तिला सुमारे ८ न्यूटन ताण हवा; म्हणजे साधारण ८०० ग्रॅम वजन टांगल्याइतका. २०० कंपने हवी असतील तर ३२ न्यूटन, म्हणजे सव्वातीन किलो वजनाइतका. एवढा जोर कातड्याच्या मधल्या एका बिंदूवर रात्रभर असतो. तारेमागे तो लहान तुकडा का लावतात, हे यावरून कळते. हवा दमट झाली की कातडे सैल पडते. तारेचे खालचे टोक किंचित वर सरकते, ताण कमी होतो, सूर उतरतो. म्हणून खुंटी पुन्हा पिळावी लागते.

कातड्याला कसे कळते?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. तार छेडली की ती आडवी हलते, डावीकडे आणि उजवीकडे. कातडे मात्र तारेच्या टोकाशी, तारेच्या दिशेने वरखाली झाले तरच हवेला ढकलू शकते. आडव्या हालचालीतून वरखाली हालचाल कुठून आली?

याचे उत्तर पायथागोरसच्या सिद्धांतात आहे. सरळ तार ६०० मिलिमीटर आहे. तिचा मध्य बोटाने ५ मिलिमीटर बाजूला ओढा. आता तारेचे दोन तिरके भाग झाले. प्रत्येकाची लांबी म्हणजे ३०० आणि ५ या बाजू असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण. गणित करून पाहा. दोन्ही मिळून लांबी ६००.०८ मिलिमीटर होते. तार ०.०८ मिलिमीटरने लांबली. हे फारच थोडे वाटते, पण पोलाद ताणायला अवघड असते. वरच्या उदाहरणातली दोन्ही टोके अगदी पक्की असतील, तर एवढ्याने ताण सुमारे २ न्यूटनने वाढतो. प्रत्यक्षात कातडे थोडे ढिले सोडते, म्हणून वाढ त्याहून कमी होते. पण ते ढिले सोडणे म्हणजेच कातड्याचे वर येणे. तार आडवी हलते आणि कातडे ओढले जाते, ते असे.

आता तारेचे एक पूर्ण कंपन डोळ्यांपुढे आणा. तार डाव्या टोकाला गेली: लांबी जास्त, ताण जास्त, कातडे वर ओढले गेले. तार मध्यावर आली: लांबी कमी, ताण कमी, कातडे खाली गेले. तार उजव्या टोकाला गेली: पुन्हा ताण जास्त, कातडे पुन्हा वर. मग परत मध्यावर, कातडे खाली. तारेचे कंपन एक, पण कातड्याची कंपने दोन!

म्हणजे तार सेकंदाला १०० वेळा हलत असेल, तर या ओढीमुळे कातडे २०० वेळा हलते. आणि वारंवारता दुप्पट झाली की सूर बरोबर एक सप्तक वर जातो.

मुलांना हे पटवून देण्यासाठी झोक्याचे उदाहरण चांगले. झाडाला बांधलेल्या झोक्याची फांदी एका पूर्ण झोक्यात किती वेळा वाकते? झोका मध्यावर येतो तेव्हा दोरीवर ओढ सर्वांत जास्त असते, आणि तो मध्यावर एकदा जाताना आणि एकदा येताना, असा दोनदा येतो. तुणतुण्यात ओढ टोकांना जास्त असते, झोक्यात मध्यावर. पण दोन्हीकडे ओढीची कंपने दुप्पट.

दोन्ही गट बरोबर

मग हार्मोनियमवरचे भांडण कसे सुटले? तुणतुण्यातली तार कातड्याशी अगदी काटकोनात नसते. खुंटी नळकांड्याच्या बाहेरच्या काठीवर असल्याने तार किंचित तिरकी जाते. त्यामुळे तारेच्या आडव्या हालचालीचाही थोडा भाग कातड्याला वरखाली करतो, आणि ही हालचाल तारेच्याच वारंवारतेची असते. म्हणजे कातडे एकाच वेळी दोन सूर सांगते, तारेचा मूळ सूर आणि त्याच्या वरच्या सप्तकातला तोच सूर. खालची पट्टी शोधणारा गट पहिला ऐकत होता, वरची शोधणारा दुसरा.

इथे एखादा जाणता विद्यार्थी हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. कोणत्याही तारेच्या आवाजात दुप्पट वारंवारतेचा उपस्वर असतोच, मग तुणतुण्याचे वेगळेपण काय? त्याची परीक्षा करता येते. तार बरोबर मध्यावर छेडली, तर तिच्या स्वतःच्या कंपनात दुप्पट वारंवारतेचा उपस्वर निर्माण होत नाही, कारण त्या कंपनात तारेचा मध्य स्थिर असावा लागतो आणि आपण तर तोच ओढून सोडला. असे छेडूनही वरचा सूर ऐकू आला, तर तो ताणाच्या चढउतारातून आला, असे म्हणता येते.

एकतारी वाद्यांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष फार पूर्वी गेले आहे. चंद्रशेखर वेंकट रामन सरकारी अर्थखात्यात नोकरी करत असताना, १९०९ साली, त्यांनी भारतीय गणित मंडळाच्या नियतकालिकात एकतारीवर एक टिपण लिहिले होते. पुढे मृदंग आणि तबल्याच्या सुरांवरचे त्यांचे काम गाजले. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या माणसाला एका तारेच्या वाद्यावर लिहिण्यात कमीपणा वाटला नाही, हे मुलांना जरूर सांगावे.

मोठा, पण आखूड

तंबोऱ्याची तार छेडली की सूर बराच वेळ घुमत राहतो. तुणतुण्याचा सूर ‘तुण्’ असा येतो आणि विझतो. वाद्याचे नावच त्या आवाजावरून पडले. असे का व्हावे? तार छेडताना आपण तिला ठरावीक ऊर्जा देतो. ती हळूहळू बाहेर पडली तर आवाज लहान पण लांब, भराभर बाहेर पडली तर मोठा पण आखूड. तुणतुण्याचे कातडे हलके आणि लवचीक आहे, ते तारेतली ऊर्जा चटकन खेचून घेते. त्यातली काही कातड्यातच उष्णता होऊन जाते, बाकीची आवाज होऊन बाहेर पडते.

याला दोष म्हणावे का? उघड्या अंगणात, संबळाच्या कडकडाटात, नाचणाऱ्याच्या पावलांना साथ करायची आहे. तिथे लांबणारा सूर ठोक्यावर ठोका मिसळून टाकील. लयीचे टिंब उमटायला आखूड सूरच हवा. बैठकीच्या गाण्याला तंबोरा योग्य, गोंधळाला तुणतुणे योग्य.

चौंडके कोणत्या रकान्यात?

तुणतुण्याचे एक भावंड आहे, चौंडके. देवीचे आराधी आणि यल्लम्माचे जोगती ते वाजवतात. यातही नळकांडे, कातडे आणि कातड्याच्या मध्यातून निघालेली तार आहे. पण काठी नाही आणि खुंटीही नाही. नळकांडे काखेत धरायचे, तारेच्या दुसऱ्या टोकाची मूठ हातात घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने तार छेडायची. मुठीची ओढ कमीजास्त केली की सूर घसरत वरखाली जातो. ओढ दुप्पट केली तर वारंवारता सुमारे १.४ पट होते, चौपट केली तर दुप्पट. वाजवणाऱ्याने हे वर्गमूळ मनगटात बसवलेले असते. बंगालमधील बाउल गायकांचे खमक याच घराण्यातले.

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार प्रकार दिले आहेत: तारेची तत, कातड्याची अवनद्ध, टाळासारखी घन आणि फुंकून वाजवायची सुषिर. चौंडके कोणत्या प्रकारात घालायचे? हा प्रश्न पाश्चात्य अभ्यासकांनाही पडला होता. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ साली जगभरच्या वाद्यांचे वर्गीकरण केले, तेव्हा अशा वाद्यांना त्यांनी चर्मवाद्यांत ‘छेडून वाजवायचे ढोल’ म्हणून जागा दिली. पुढे १९८१ साली लॉरेन्स पिकेन यांनी याच जातीच्या बंगाली वाद्यांचा विचार करून, ती खरे म्हणजे तंतुवाद्ये आहेत, असे मत मांडले.

वर्गात या प्रश्नाचा निकाल मुलांनाच लावू द्यावा. त्यासाठी एक कसोटी सुचवावी: सूर कोण ठरवते? तार ओढली की सूर बदलतो. म्हणजे सूर तारेचा, कातडे त्याला फक्त मोठा करते. उलट कुणी म्हणेल, कातडे काढून टाकले तर वाद्य ऐकूच येणार नाही. म्हणू द्या. वर्गीकरण म्हणजे पाठ करायचा तक्ता नव्हे, कशाला महत्त्व द्यायचे याचा तो विचार असतो, हे या वादातून चांगले कळते.

करून पाहा

१. ताणकाट्याला मीटरभर दोरीने अर्ध्या किलोचा दगड टांगा. दगड बाजूला ओढून सोडा आणि काट्याकडे पाहा. एका पूर्ण झोक्यात काटा दोनदा खाली जातो. दगड उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत नेला, तर हिशेबाने काटा टोकांना पाव किलो आणि मध्यावर एक किलो दाखवायला हवा. खाली कुणी उभे राहू नये.

२. पत्र्याचा रिकामा डबा घ्या. एका बाजूचे झाकण काढा, दुसऱ्या बाजूच्या पत्र्याला मध्यावर बारीक भोक पाडा. वाद्यांच्या दुकानात मिळणारी सतारीची तार त्यातून ओवा आणि मागे खिळ्याचा तुकडा अडकवा. डब्याला बाहेरून काठी बांधा, काठीच्या टोकाला भोक पाडून घट्ट बसणारी लाकडी खुंटी घाला. तुणतुणे तयार! तार ताणताना चेहरा दूर ठेवा.

३. तार आधी टोकाजवळ, मग बरोबर मध्यावर छेडा. हार्मोनियमवर दोन्ही सप्तकांतल्या पट्ट्या लावून तुलना करा. मोबाइलवर वारंवारता दाखवणारी मोफत साधने मिळतात. त्यांच्या मदतीने १०० आणि २०० सारख्या जोड्या सापडतात का पाहा.

४. डब्याची काठी काढून तार हाताने ओढा. आता तेच वाद्य चौंडके झाले. एकाने ताणकाट्याने तार ओढावी, दुसऱ्याने छेडावी. ताण चौपट केल्यावर सूर सप्तकभर चढतो का, ते नोंदवा.

त्या शाळेत यातले पहिले तीन प्रयोग झाले. डब्याची सहा तुणतुणी तयार झाली, पण एकही सुरात लागेना. खुंट्या सरकत होत्या. तेव्हा सगळी मुले त्या गोंधळ्याच्या मुलाभोवती गोळा झाली. खुंटीला जरासा खडू घासायचा, पिळताना आत दाबायची, आणि आधी गाणाऱ्याचा सूर ऐकायचा, हे त्याने एकेकाला दाखवले. सोनोमीटरची तार त्यानंतर बसवून घेतली. पण वर्गमुळाचा नियम त्या वर्गाने तुणतुण्यावरच शिकला होता.

आपल्या वर्गात कुणाच्या घरी संबळ असेल, कुणाच्या घरी चौंडके, कुणाकडे डफ. विज्ञानाच्या तासाला त्यांना बोलवायला हरकत नाही. त्या मुलाला आता तुणतुण्यावरून कुणी चिडवले, तर तो विचारतो, “सांग बरं, तार एकदा हलली की कातडं किती वेळा हलतं?”